थंडीतलं प्रस्तरारोहण: बेत आखायचा तो फिसकटणार हे धरूनच

कातळ चढायला थंडीसारखा मोसम नाही. हाताला घाम येत नाही, बुटाचं रबर छान धरतं, दगड तापलेला नसतो. पण याच मोसमात दिवस आखूड असतो, ओला झालेला कडा लवकर वाळत नाही, आणि उन्हाळ्यात नुसती गैरसोय ठरली असती अशी भिजाभीज थंडीत जिवावर बेतते. हवामानाचा भरवसा नसेल तर ‘अमुक तारखेला अमुक कडा’ असा बेत आखून चालत नाही. तारखा ठरवा, पण कडा शेवटच्या दोन दिवसांत ठरू द्या. हा लेख ज्यांना दोर बांधणं, बिले देणं (साथीदाराचा दोर सांभाळणं) आणि रॅपलिंग (दोरावरून उतरणं) येतं, पण थंडीतली मोहीम स्वतः कधी आखलेली नाही, त्यांच्यासाठी आहे. ही तीन कामं अजून येत नसतील तर आधी ती जाणकाराच्या हाताखाली शिका. लेख वाचून गाठी येत नाहीत.

आधी दगड ओळखा

नवखे लोक आधी हवामान बघतात आणि मग कडा. उलट करा. एकाच पावसानंतर एक कडा दोन तासांत चढण्याजोगा होतो, तर दुसरा तीन दिवस हात लावण्याजोगा नसतो, आणि हा फरक मुख्यतः दगडाचा असतो.

ग्रॅनाइट पाणी पीत नाही. ऊन आणि वारा असेल तर उघडी भिंत पटकन वाळते. ओल राहते ती भेगांत, घळीत आणि चिमणीत (अंग मावेल इतक्या रुंद उभ्या फटीत). बेसॉल्टचंही साधारण तसंच, पण त्याच्या टप्प्यांवर माती आणि गवत साठतं. भिंत कोरडी आणि पाय ठेवायचा टप्पा मात्र साबण लावल्यासारखा, अशी गंमत तिथे होते. बूट चिखलाने एकदा भरले की पुढच्या कोरड्या दगडावरही ते धरत नाहीत, म्हणून अशा टप्प्यानंतर तळवे पँटवर पुसून मगच पुढचं पाऊल टाकावं.

चुनखडीचे ओव्हरहँग, म्हणजे पुढे झुकलेले कडे, भर पावसात कोरडे असतात, म्हणून लोक तिकडे धावतात. तिथली मेख वेगळी आहे. पाणी दगडाच्या आतून झिरपत येतं, आणि पाऊस थांबून दोन-चार दिवस झाल्यावर, आकाश स्वच्छ असताना, पकडींमधून गळायला लागतं. लांबलेल्या पावसानंतर अशा कड्यावर जाताना मागच्या आठवड्याचा पाऊस बघायचा, आजचा नव्हे.

वालुकाश्माची गोष्ट सगळ्यात नाजूक. वाळूचे कण ज्या चिकणमातीने किंवा चुन्याने एकत्र धरलेले असतात तो बंध पाण्याने ढिला पडतो. वरून दगड वाळलेला दिसतो, आतून ओला असतो, आणि भार दिला की पकड तुटून हातात येते. तुटलेली पकड परत लागत नाही. तो मार्ग कायमचा बदलतो. पडलं तर दोर धरावा म्हणून त्यात अडकवलेली साधनंही निसटू शकतात. पावसानंतर २४ ते ७२ तास थांबायचं हा सर्वसाधारण संकेत आहे, थंडीत आणि सावलीत जास्तच. तिथे पोहोचल्यावर एक साधी परीक्षा करा: कड्याच्या पायथ्याशी, सावलीतल्या जागी, चार बोटं खोल माती उकरा. खालची माती गडद आणि दाबल्यावर मुठीत टिकणारी असेल तर दगडही ओला आहे असं समजा आणि परत फिरा. वरवरची माती फसवते, कारण ती वाऱ्यानेच वाळते.

अंदाज गावाचा असतो, कड्याचा नसतो

फोनवर दिसणारं तापमान जवळच्या वस्तीचं असतं. उंची वाढते तसं तापमान सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. समजा, गाव ६०० मीटरवर आहे, कडा १४०० मीटरवर, आणि गावात दुपारी ८ अंश दाखवताहेत. कड्यावर साधारण ३ अंश मिळतील. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा धरला तर उघड्या त्वचेला ते उणे २ ते ३ अंशांसारखं लागतं. म्हणजे ‘आठ अंश, बरं आहे की’ म्हणून निघालेला माणूस गोठणबिंदूखालच्या गारठ्यात बिले देत उभा राहतो. याला अपवादही आहे: निवांत, निरभ्र रात्रींनंतर थंड हवा दरीत साचते आणि सकाळी वरचा कडा खालच्या गावापेक्षा उबदार असतो. दरीत धुकं भरलेलं आणि वर लख्ख आकाश दिसलं तर हेच झालेलं असतं.

पावसाची शक्यता ३० टक्के, याचा अर्थ अशा दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवशी त्या ठिकाणी पाऊस पडतो. तो पाच मिनिटं पडेल की पाच तास, हे त्या आकड्यात नाही. म्हणून टक्क्यांच्या शेजारी तासागणिक किती मिलिमीटर आणि कोणत्या तासाला, हे बघा. रात्री दोन वाजता अर्धा मिलिमीटर पडून सकाळी वारा सुटणार असेल तर ग्रॅनाइटचा दिवस वाया जात नाही. दुपारी दोन वाजता तेवढाच पाऊस तुम्हाला चौथ्या पिचवर (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीत बसणारा चढाईचा भाग) गाठेल.

तयारीचं वेळापत्रक साधारण असं ठेवा. आठ-दहा दिवस आधी फक्त ढोबळ कल बघायचा: कोरडी थंडी येते आहे की एकामागून एक ढगांच्या पट्ट्या. या टप्प्यावर एखाद्या विशिष्ट दिवसाचं चित्र बघून आनंद मानू नका, दुःखही करू नका. पाच दिवस आधी प्रदेश ठरवा. तीन दिवस आधी दोन वेगळ्या मॉडेलांचे, म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या संगणकप्रणालींचे, अंदाज शेजारी ठेवून बघा. युरोपीय आणि अमेरिकी ही दोन जागतिक मॉडेलं बहुतेक संकेतस्थळांवर मिळतात. दोन्ही एकच सांगत असतील तर विश्वास वाढवा; एक कोरडं आणि दुसरं ओलं म्हणत असेल तर ओलं धरून चला. काही ठिकाणी एकाच मॉडेलच्या अनेक आवृत्त्या एकत्र काढलेल्या दिसतात, धाग्यांच्या जुडग्यासारख्या. धागे एकमेकांना बिलगलेले असतील तर अंदाज पक्का. केरसुणीसारखे फाकलेले असतील तर तो आकडा नाही, नुसती अटकळ आहे. ४८ तास आधी कडा पक्का करा, आणि आदल्या संध्याकाळी फक्त तासांचा हिशेब.

फार थोडे नवखे बघतात असा एक आकडा म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो. चार दिवस कडाक्याची थंडी पडून गेली आणि मग दमट, उबदार हवा आली, तर कडा अजून गारच असतो. समजा, कातळ ४ अंशांवर आहे आणि हवेचा दवबिंदू ९. अशा वेळी पाऊस नसताना कातळाला घाम फुटतो, जसा गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून फुटतो. चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) लावला की त्याचा लगदा होतो. ‘ऊब आली, चला’ असं वाटणारा पहिला दिवस बऱ्याचदा असा निसरडा निघतो; दुसरा चांगला असतो.

ऊन कुठे, किती वाजता

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेल्या कड्याला थंडीत ऊन मिळतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या. पूर्वेचा कडा सकाळी, पश्चिमेचा दुपारनंतर. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. विसरलं जातं ते हे की थंडीतला सूर्य बुटका असतो. ४५ अंश उत्तर अक्षांशावर २१-२२ डिसेंबरच्या सुमाराला तो भर दुपारीही क्षितिजापासून २१-२२ अंशच वर येतो. समोर एक किलोमीटरवर पायथ्यापासून ४०० मीटर उंच डोंगररांग असेल, तर दक्षिणाभिमुख कड्याच्या तळालाही दिवसभर ऊन लागणार नाही. सूर्याची वाट दाखवणारं एखादं ॲप नकाशावर लावून हे घरीच तपासता येतं.

दिवसाची लांबीही तिथेच कळते. त्या अक्षांशावर तेव्हा दिवस पावणेनऊ तासांचा असतो. २० अंशांवर अकरा तासांना थोडा कमी. आता हिशेब मांडा. सहा पिचचा मार्ग, नवख्या दोघांना थंडीत दर पिचला एक तास, म्हणजे सहा तास. पायथ्यापर्यंत चालायला दीड, उतरायला दोन. झाले साडेनऊ. पावणेनऊ तासांच्या दिवसात हे बसत नाही, हवामान कितीही चांगलं असलं तरी. मार्ग छोटा निवडा. ‘अंधारात निघू’ हा उपाय सांगायला सोपा, पण पहाटेचा कातळ दिवसातला सगळ्यात गार असतो आणि पहिल्याच पिचवर बोटं बधिर होतात.

परतीची वेळ घरीच ठरवून कागदावर लिहा: ‘एक वाजेपर्यंत तिसऱ्या अँकरवर नसलो तर खाली.’ (अँकर म्हणजे पिचच्या शेवटी दोर बांधायची पक्की जागा.) कड्यावर ठरवायला गेलं की प्रत्येकाला शिखर फार जवळ दिसतं.

तीन बेत, पण एकाच कारणाने न बुडणारे

बहुतेक जण पर्याय म्हणून शेजारचाच दुसरा कडा ठरवतात. मग पाऊस आला की दोन्ही एकदमच भिजतात. प्रत्येक बेताचं बुडण्याचं कारण वेगळं हवं. पहिला बेत मनातला: उंचावरचा, लांब, अनेक पिचचा. तो पाऊस, वारा, गारठा, सगळ्यानेच बुडतो. दुसरा खालच्या उंचीवरचा, वाऱ्याच्या आडोशाचा, सूर्याकडे तोंड केलेला, दगडात पक्के बोल्ट मारलेल्या एका पिचच्या मार्गांचा. गारठा आणि वारा त्याचं फार बिघडवत नाहीत. तिसरा पावसातही कोरडा राहणारा ओव्हरहँग, तोही नसेल तर छताखालची कृत्रिम भिंत, किंवा दिवसभर दोरकाम: अडकलेला दोर सोडवणं, दोरावरून वर चढणं, जखमी साथीदाराला खाली घेणं. हा तिसरा बेत खरोखरचा असावा, तोंडदेखला नको. करण्याजोगं दुसरं काही नसलं की माणसं ओल्या कड्यावर चढतात.

आणि कोणता बेत कोणत्या खुणेवर सोडायचा हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवा. ‘सकाळी सहाच्या अंदाजात दुपारी चारपूर्वी पाऊस असेल तर दुसरा बेत.’ बस, यावर चर्चा नाही.

सॅकमध्ये काय

चालताना जरा थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवा. घामाने भिजलेला सदरा पुढे तासाभरात अंग गार करतो. तरीही तो भिजतोच, म्हणून पायथ्याशी बदलायला एक कोरडा सदरा. बिले देताना घालायचं जाड जॅकेट सगळ्यात वरून चढेल इतकं मोठं हवं, टोपी हेल्मेटवर बसेल असं. ओल असेल तर कृत्रिम भरणाचं जॅकेट पिसांच्या जॅकेटपेक्षा बरं, कारण पिसं भिजली की गोळा होऊन ऊब देईनाशी होतात. हातमोजे तीन जोड: चालायला पातळ, बिलेसाठी चामड्याचे, आणि उबेसाठी जाड.

चढायचे बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर सैल, पातळ मोज्यासकट घातले तर बोटांत रक्त खेळतं. अतिगार रबर कडक होतं, म्हणून बूट सॅकमध्ये न ठेवता जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा, आणि चढण्याच्या दोन मिनिटं आधीच पायात घाला. हात गरम करायची पुडी चॉकच्या पिशवीच्या तळाशी टाकता येते. तिला हवा लागते, म्हणून पुडी घरून निघतानाच फोडून ठेवा. घट्ट बंद डब्यात ती विझते.

दोर पाणी न शोषणारा असेल तर उत्तम. साधा नायलॉनचा दोर भिजला की चार किलोचा साडेपाच किलो होऊ शकतो, आणि ओला असेपर्यंत झटका पेलायची त्याची ताकद बरीच उतरते. शिवाय:

– प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलँप, नव्या सेलसह. गारठ्यात लिथियमचे सेल जास्त टिकतात.
– फोन आतल्या खिशात, नकाशा आधीच उतरवलेला. गार झालेला फोन ४० टक्के चार्ज दाखवत असतानाही बंद पडतो.
– थर्मासमध्ये गरम, गोड पेय. गोठल्यावर दाताने तुटणार नाही असा खाऊ नको.
– पातळ धातूची चादर किंवा दोघांना पुरेल अशी आपत्कालीन पिशवी.
– शिट्टी. मदतीचा आंतरराष्ट्रीय इशारा म्हणजे मिनिटाला सहा फुंकरा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन.
– सोडून यायला दोन जुने पण धड कॅराबिनर (तोंड उघडणाऱ्या धातूच्या कड्या) आणि कापता येईल असा ६-७ मिलिमीटरचा सहा मीटर दोरखंड.

घरी राहणाऱ्या एका माणसाकडे कड्याचं नाव, मार्ग, गाडी कुठे लावणार आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव’ ही वेळ लिहून ठेवा. बेत बदलला की आधी त्याला कळवायचं, मगच गाडी वळवायची.

पायथ्याशी पहिला अर्धा तास

हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा) चढवण्याआधी मान वर करा. वर बर्फ किंवा हिम साठलेला टप्पा आहे का? भेगेतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड पाचरीसारखा ढिला करतं. रात्रभर बर्फानेच धरून ठेवलेले ते दगड ऊन लागलं की सुटतात. त्यामुळे रात्री गोठणारं आणि सकाळी लख्ख ऊन, असा ‘सुंदर’ दिवस दगड पडण्याचा असतो. हेल्मेट पायथ्याशीच घाला आणि बिले देणारा थेट मार्गाखाली न थांबता बाजूला उभा राहू द्या. वर साचलेलं हिम वितळून येणारी धारही दुपारी सगळ्यात मोठी असते. सकाळी कोरडी दिसलेली चिमणी तेव्हा नळासारखी वाहते.

मग हात. पहिला मार्ग तुमच्या क्षमतेपेक्षा दोन-तीन पायऱ्या सोपा घ्या. गार बोटांना पकड जाणवत नाही, म्हणून माणूस नको इतकी मूठ आवळतो आणि कोपराखालचे हात लगेच भरून येतात. पहिल्या चढाईनंतर बोटांत रक्त परतताना भयंकर ठणका लागतो, डोळ्यांत पाणी येईल इतका, कधी मळमळही. ती इजा नसते. पाच-सात मिनिटांत ओसरते. हात गोलाकार जोरात फिरवा, मग जाड हातमोजे घालून पंधरा मिनिटं बसा. त्यानंतर बोटं सहसा बराच वेळ ठीक राहतात. ही कसरत खालच्या सोप्या मार्गावर उरकायची, लीडवर (दोर खालून घेत पहिल्याने चढताना) तिसऱ्या बोल्टजवळ नव्हे.

माघार

पाऊस सुरू झाला की दहा मिनिटं वाट बघू, हा विचार एका पिचच्या मार्गावर ठीक आहे. अनेक पिचवर नाही. घरी मार्गाचं चित्र बघतानाच त्यावर एक खूण करा: या जागेपलीकडे सरळ रॅपल करून परतता येत नाही. मार्ग आडवा सरकतो किंवा ओव्हरहँगवरून जातो ती ही जागा. आकाश संशयास्पद असेल तर तिच्या अलीकडेच वळायचं.

एका बोल्टवरून माघार घ्यायची वेळ आली तर दोर थेट हँगरमधून (बोल्टला लावलेल्या धातूच्या पट्टीच्या भोकातून) घालू नका, त्याची कड दोर कापते. कापडी स्लिंगमधून (पट्टीच्या फासातून) दोर ओढत खाली येऊ नका. नायलॉनवर नायलॉन घासून वितळतं. त्या जुन्या कॅराबिनरची जागा इथे आहे. दोनशे ग्रॅमचं ओझं आणि थोडेसे पैसे वाचवण्यापायी इथेच चुका होतात.

६० मीटरच्या एका दोराने दुहेरी रॅपल ३० मीटरचाच होतो. दोन्ही टोकांना गाठी मारा. बधिर हातांनी आणि धुक्यात टोक दिसत नाही. जोराचा वारा असेल तर दोर भिरकावू नका, तो बाजूच्या सुळक्यात अडकतो. दोराच्या घड्या हार्नेसला दोन्ही बाजूंना अडकवून सोडत सोडत उतरा. ओला किंवा बर्फाळ दोर बिलेच्या साधनातून वेगाने घसरतो, आपोआप पकडणारी साधनंही त्यावर दगा देऊ शकतात, म्हणून ब्रेकचा हात सोडायचाच नाही आणि खाली प्रुसिकची (भार आला की दोर आवळून धरणारी) आधारगाठ हवीच. दोर गोठलेला असेल तर तिला एक वेढा जास्त द्या आणि भार देऊन ती धरते का ते अँकरवरच तपासा.

साथीदाराकडे लक्ष ठेवा. बडबड्या माणूस गप्प झाला, शब्द जड आले, कॅराबिनरचं तोंड बंद करताना बोटं चाचपडू लागली, विनाकारण चिडचिड सुरू झाली, तर शरीराचं तापमान उतरतंय. तो ‘मी ठीक आहे’ म्हणेल. ते ऐकू नका. ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली सॅक किंवा दोर घालून जमिनीपासून वेगळं बसवा, गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. थरथर थांबली आणि तरीही माणूस गुंगीत असेल तर तो सुधारतोय असं नाही, बिघडतोय; त्याला चालवू नका, हळुवार आडवं करा आणि मदत मागवा. बोटं पांढरी आणि निबर झाली असतील तर चोळू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ती वितळवूही नका. सुरक्षित जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरा.

घरी आल्यावर

दोर पिशवीतून लगेच बाहेर काढा. खोलीत सावलीला सैल वेटोळ्यात पसरा, हीटरजवळ किंवा उन्हात नको. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात. वाळला की तो हातभर हातभर बोटांतून सरकवत तपासा, कुठे आतला गाभा मऊ लागतोय का, आवरण फुगलंय का. स्लिंग आणि हार्नेसही टांगून वाळवा. कॅराबिनर कोरडे पुसून त्यांच्या तोंडाच्या बिजागरीत थेंबभर वंगण सोडा आणि जास्तीचं पुसून टाका, नाहीतर पुढच्या वेळी ते दोरावर येतं.